नाव नसलेली आठ पानं

मार्च निम्मा सरला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलं येरझारा घालू लागतात. हातात पुस्तक, ओठांत पुटपुट, आणि मधूनच आभाळाकडे बघून डोळे मिटणं. शहराच्या टोकाचं हे बेसा तसा नवाच भाग. थोड्या वर्षांपूर्वी इथं तुरी उभ्या होत्या, आता आमचे मजले उभे आहेत. कुंपणालगतचा एक जुना कडुनिंब कसा कोण जाणे बिल्डरच्या नजरेतून सुटला आणि याच दिवसांत तो मोहरतो. लोक म्हणतात, काय गोड वास आहे. मला मात्र त्या वासानं परीक्षेची धडकी भरते. उभा जन्म राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, हजारो मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण ही धडकी काही निवृत्त व्हायला तयार नाही.

परवा वाळत घातलेल्या कुरडया काढायला वर गेले, तर खालच्या मजल्यावरची मुलगी घोकत होती, "नागरिक राज्याची आज्ञा का पाळतो? याची कारणे तीन." एकेक बोट दुमडत तिनं तिन्ही सांगून टाकली. मी विचारलं, "आणि चौथं?"

"मॅडम, गाइडमध्ये तीनच आहेत," ती घाबरून म्हणाली.

चौथं म्हणजे भीती, असं ओठांवर आलं होतं. पण परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला गोंधळात टाकायचं? कुरडया घेऊन जिना उतरू लागले आणि मधल्या पायरीवर उगाचच बसून राहिले. शहात्तर सालचा मार्च असा कुठंही गाठतो मला.

आम्ही एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला अकरा जण होतो. मुली दोन. वर्ग सकाळी सातला भरायचा, कारण निम्मी मुलं नोकरी करून शिकणारी. विषय होता आधुनिक राजकीय सिद्धान्त. न्याय म्हणजे काय, स्वातंत्र्य कुठपर्यंत, कायदा मोडण्याचा हक्क कुणाला असतो का, असले प्रश्न. पुस्तकं सगळी इंग्रजीत आणि उत्तरं लिहायची मराठीत, त्यामुळे आमचं अर्धं डोकं शब्दांशी झटापट करण्यातच जायचं. ग्रंथालयात मुख्य पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती घरी मिळत नसे. सकाळच्या वर्गानंतर तासभर वासुदेव ती उतरवून घ्यायचा, दुपारी मी. मग वह्यांची अदलाबदल. माझ्या मुलीनं पुढं एकदा डोळे मिचकावत विचारलं होतं, "आई, तुमच्यात काही होतं का गं?" होतं ना, दोघांत मिळून घेतलेला एक इंग्रजी-मराठी कोश होता. महिन्यातले पंधरा दिवस तो त्याच्याकडे आणि पंधरा माझ्याकडे.

वासुदेव काटोलकडचा. घरी ओलिताची थोडी शेती, हा थोरला मुलगा. सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात तो हंगामी कारकून होता आणि त्या 'हंगामी'चं 'कायम' होण्याकडे त्याच्या घरच्या सगळ्यांचे डोळे लागले होते. स्वभावानं महावादी. कुणी "आज ऊन आहे" म्हटलं तरी हा "कशावरून?" म्हणणार. राज्याची बाजू घेऊन तो इतका हिरीरीनं भांडायचा की वर्गात आम्ही त्याला 'सरकारी वकील' म्हणायचो.

आणि आमचे मोहरील सर. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. त्यांची एक पद्धत होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते चिठ्ठ्या ठेवत. प्रत्येक चिठ्ठीवर एक भूमिका. जी उचलाल तिच्या बाजूनं निबंध लिहायचा, मग ती तुम्हाला पटो न पटो. "'असे काहींचे म्हणणे आहे' वगैरे गुळमुळीत चालायचं नाही," ते बजावत. "त्या माणसाच्या अंगात शिरा. 'मी' म्हणून लिहा. त्यालाही सुचलं नसतं इतकं त्याचं म्हणणं चांगलं मांडा. मग ते खोडायचं की नाही ते बघू." निबंधावर नाव घालायचं नाही, कारण माणूस कोण ते पाहून मुद्दा तोलू नये. सर ते निबंध दुसऱ्याच कुणाला तरी देत आणि त्यानं आठवड्याभरात त्याचं उत्तर लिहून आणायचं. अक्षरावरून कुणाचं काय ते आम्हाला कळायचंच, पण न कळल्यासारखं करायचा रिवाज होता.

आणीबाणी लागून आठ-नऊ महिने झाले होते. शहर वरवर होतं तसंच होतं. सायकलरिक्षा धावत होत्या, महालच्या बाजारात लग्नाचे बस्ते खरेदी होत होते. पण चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस बाकावर येऊन बसला की बोलणं पिकपाण्यावर घसरायचं. सर पूर्वी वर्गाचं दार लावून घेत. आता म्हणू लागले, "उघडंच असू द्या. बंद दाराआड काय चाललंय असं कुणाला वाटायला नको." डबा मात्र त्यांनी बंद केला नाही. याला धीर म्हणावं की सवय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत मी उचललेल्या चिठ्ठीवर होतं: ज्या राज्यात प्रश्न विचारण्याची वाट उरली नाही, त्याची आज्ञा पाळायला नागरिक बांधील नाही.

माझं मत नेमकं उलट होतं. मी इंदोऱ्याच्या वस्तीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी. शिष्यवृत्ती राज्यानं दिलेली, वसतिगृहातून शिकलेले माझे दोन्ही मामा राज्यानं शिकवलेले. गावकीच्या तावडीतून आम्हाला ज्यानं सोडवलं तो कायदाच होता. तो मोडायची भाषा ज्यांचं सगळं आधीपासून सुखरूप आहे त्यांनी करावी, आम्हाला ती परवडायची नाही, असं मला मनापासून वाटायचं. पहिले दोन दिवस एक ओळ सुचली नाही.

मग बाबा आठवले. म्हणजे ते समोरच बसून विडी ओढत होते, पण आठवले ते वेगळेच. छप्पनच्या दसऱ्याला मी चार वर्षांची होते. दीक्षेच्या मैदानावर बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. माणसांचा समुद्र सोडला तर मला फार काही आठवत नाही, पण बाबांचा गळा माझ्या पोटरीला लागून थरथरत होता ते आठवतं. पिढ्यान् पिढ्या जे मानलं ते आता मी मानणार नाही, असं लाखो माणसं एका आवाजात म्हणत होती आणि प्रत्येक जण 'मी' म्हणत होता. पुढं घरात कित्येकदा मी त्या प्रतिज्ञा ऐकल्या. सरांना हवा होता तो 'मी' माझ्या घरात रोजच्या बोलण्यातला होता. मग निबंध झराझरा आला. आठ पानं, फुलस्केप. एका जागी मी लिहिलं होतं: 'मी आज्ञा पाळत होतो, कारण नाही म्हणण्याची वाट मला ठाऊक होती. ती वाट बुजवणाऱ्यानेच माझे बंधन सोडवले आहे.' दुसऱ्याच्या अंगात शिरायचं म्हणून क्रियापदंसुद्धा पुरुषाची वापरली होती. वाचून स्वतःवरच खूश झाले. पटलं नव्हतं, पण मांडलं झकास होतं.

तो निबंध उत्तरासाठी वासुदेवकडे गेला. मी मनात हसले. सरकारी वकिलाकडेच खटला आला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वासुदेव एक दिवस वर्गाला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो मागं बसला आणि तासभर एकदाही वाद घातला नाही. तास संपल्यावर सायकल हातात धरून माझ्यासोबत फाटकापर्यंत चालत आला.

"तुह्ये पानं गेले," तो म्हणाला.

"गेले म्हणजे?"

"परवा हापिसात तपासणी झाली. सगळ्यायचे ड्रॉवर उघडले. जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहून राहिलो होतो मी, म्हणून तिथंच ठेवले होते. मोठ्या साहेबाच्या टेबलावर आहेत आता."

त्या पानांवर ना वर्गाचं नाव, ना सरांचं, ना विषयाचं. मधोमध नुसतं एक 'मी', आणि तो म्हणतोय की आज्ञा पाळणार नाही.

"सांग ना मग, वर्गातला सराव आहे म्हणून!"

"ते मी पाहतो."

"वासुदेव, त्यांनी काय विचारलं?"

"सोमवारपर्यंत खुलासा मागितला हाय. नाही दिला त नोकरी गेली. अन् पानं पोलिसात." तो सायकलवर बसला. "तुह्यं नाव माह्या तोंडून निघणार नाही. अभ्यास कर तू."

सोमवारला पाच दिवस होते. माझी खात्री पटली की हा मला वाचवतोय. सराव आहे म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कुणाचा? अक्षर त्याचं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून तो तोंड शिवून बसला आहे आणि त्यापायी त्याच्या घरादाराची आशा जाणार आहे. आणि मी इथं न्यायाच्या व्याख्या पाठ करत होते.

त्या पाच दिवसांत माझा काय अभ्यास झाला म्हणता? डोळ्यांपुढं पुस्तक असायचं आणि कान रस्त्याला. मोटारसायकल वस्तीत शिरली की मी श्वास धरायची. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायची. मला कुणाला तरी विचारायचं होतं की आठ पानं लिहिण्यात नेमका कुठला कायदा मोडला? पण विचारणार कुणाला? वकिलाकडे जावं तर तो आधी दार लावील. वर्तमानपत्राला लिहावं तर छापायचं कुणी? आणि विचारलं म्हणजेच सापडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी निबंधाचा कच्चा खर्डा काढला. जाळायलाच काढला होता. शेगडीत घालण्याआधी एकदा वाचला. ज्यानं कुणी हे लिहिलंय तो बरोबर आहे, असं मला वाटलं. अगदी असंच, तिऱ्हाइतासारखं. लिहिताना जे नुसतं चांगलं मांडलेलं होतं ते आता खरं होतं. नंतर एकेक पान शेगडीत घातलं.

बाबा पाळीवरून आले होते. "काय जाळून राहिली वं?"

"जुने कागद."

"अन् जेवून काहून नाही राहिली तीन रोज?"

मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. बाबांनी विडी विझवली.

"तुनंच लिवलं ना?"

"हो."

"मंग जाय अन् सांग, मी लिवलं म्हणून. त्या पोराचं कायले नुकसान?"

इतकं सोपं होतं त्यांना ते. मला राग आला त्यांचा. शिष्यवृत्ती गेली तर, पोलीस आले तर, आख्ख्या वस्तीतली एम. ए. ला पोचलेली पहिली मुलगी तुरुंगात गेली तर? बाबा म्हणाले, "पाहू मंग," आणि हात धुवायला उठले.

मी सरांकडेही गेले. सरांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. "मी पत्र देतो. नक्की देतो," दोनदा म्हणाले. "पण ते विचारतील, असला विषय वर्गात दिलाच कसा? मग अकराही जणांची परीक्षा अडकेल." ते पुढं म्हणाले, "तू खरं तेच सांग ना. हे माझं मत नाही, मला नेमून दिलेली बाजू आहे. खोटं काय आहे त्यात?" सर तसे भले. मी पुढं नोकरीला लागल्यावर कळलं की भलेपणाला अशा वेळी किती जड पडतं, आणि तेव्हाचा त्यांच्यावरचा राग हळूहळू ओसरला. सगळा नाही.

सोमवारी सकाळी मी इंदोऱ्याहून सदरला पायी निघाले. ऊन तापायला लागलं होतं, डोक्यावर पदर आणि पायात झिजलेल्या चपला. आमच्या पुस्तकात एक मुद्दा होता, मूक संमतीचा. तुम्ही राज्याच्या रस्त्यानं चाललात, राज्याच्या दिव्याखाली वाचलंत, म्हणजे तुम्ही न बोलता संमती दिलीत. वासुदेवचा हा फार लाडका मुद्दा. त्या दिवशी मी तीन मैल राज्याच्या डांबरावरून चालले आणि दर पावलाला चिडत गेले. मग काय हवेतून चालायचं माणसानं?

मोठे साहेब जुन्या मध्य प्रांताच्या नोकरीतले, पांढऱ्या मिशांचे, बोलायचे हिंदीतच. मला वाटलं होतं कुणी राक्षस असेल. ते मात्र ओल्या रुमालानं मान पुसत होते आणि माझ्याइतकेच भेदरलेले दिसले. माझी आठ पानं टेबलावर कागददाबाखाली फडफडत होती. मी एका दमात सांगून टाकलं, "ही मी लिहिली आहेत."

"तुमने?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बैठो बेटी. यह कौन सी सरकार के बारे में लिखा है?"

"कुठलीच नाही. पुस्तकातल्या."

"किताब की सरकार." ते थोडं हसले. "अच्छा. तो यह तुम्हारी राय नहीं है?"

बाहेर टाइपरायटर वाजत होता. चार दिवसांपूर्वी विचारलं असतं तर फटकन 'नाही' म्हटलं असतं आणि ते खरंही असतं. आता ते खरं नव्हतं. पण वासुदेवची नोकरी, माझी परीक्षा, सरांचा वर्ग, सगळं त्या एका 'नाही'वर टेकलं होतं. शिवाय भीती होती. ती तर सगळ्यांत मोठी होती, उगाच कशाला दुसऱ्यांची नावं पुढं करू?

"नाही," मी म्हणाले. "हा वर्गातला सराव आहे."

"बस, यही लिख दो. मुझे फाइल में लगाने को एक कागज चाहिए, और कुछ नहीं."

मी लिहिलं, 'सदर मजकूर हा अभ्यासाचा भाग असून ते माझे मत नाही.' खाली सही केली. नाव नसलेल्या त्या पानांना शेवटी नाव मिळालं ते या ओळीखाली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, पंच केला, फाइलला लावला. मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "इतनी सी बात थी. पहले दिन से उसको बोल रहा हूँ, एक लाइन लिख दे कि यह पढ़ाई का कागज है, मेरी राय नहीं है. किसने लिखा, वह तो मैंने पूछा भी नहीं. लिखता ही नहीं लड़का!"

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही.

वासुदेव मागच्या सायकल स्टँडवर पत्र्याच्या सावलीत उभा होता. मला आत जाताना त्यानं पाहिलं असावं. मी धापा टाकत गेले. काम झालं, नोकरी राहिली, हे सांगायच्या आधी तोंडातून निघालं, "त्यांनी माझं नाव विचारलंच नव्हतं?"

"नाही."

"मग लिहून का नाही दिलंस? एक ओळ होती, वासुदेव!"

तो सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसू लागला. "उत्तर लिहाले बसलो होतो वं मी. पाच रोज बसलो. एक मुद्दा घेतला की दुसरा उभा राहे. शेवटी काहीच खोडता नाही आलं." मग मान वर करून म्हणाला, "मले पटलं ते. आता पटल्यावर 'हे माझं मत नाही' असं सही करून कसं देऊ? नोकरीसाठी देता आलं असतं. लय वेळा मनात आलं. पण नाही दिल्या गेलं."

म्हणजे तो मला वाचवत नव्हताच. सात दिवस तो माझ्याच शब्दांच्या बाजूला उभा होता, एकटा, घरादाराचं सगळं पणाला लावून. आणि मी आत्ताच आत जाऊन त्या शब्दांवरून नाव काढून घेतलं होतं. ऊन इतकं होतं की पत्रा तडतडत होता. मला त्याची माफी मागायची होती आणि त्याच्या अंगावर ओरडायचंही होतं. नक्की कशासाठी ते कळत नव्हतं.

"तू काय लिहून देलं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"अन् खरंच नव्हतं पटलं तुले? लिवलं त तूच."

पटलं होतं. तिसऱ्या दिवशी, शेगडीसमोर. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला दोन शब्द लागले, तेव्हाही दोनच लागले असते. पण सही केलेला कागद आत फाइलला लागला होता. आता 'हो' म्हणावं तर मी खोटी सही केली हेही म्हणावं लागलं असतं, आणि तेही त्याच्यासमोर, ज्याला ती करता आली नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

दोन वर्षांत माझं एकही वाक्य वाद घातल्याशिवाय न सोडणारा वासुदेव "बरं" म्हणाला आणि आत कामावर गेला.